शिशाची कलई

प्रिचर्ड साहेबाच्या हातून पाना पडला. एवढंच झालं. वर्कशॉपमध्ये दिवसातून वीस वेळा कुणाच्या ना कुणाच्या हातून काहीतरी पडतंच, आणि पडलं की बलुची मजूर हसतात, कुणीतरी "यल्ला यल्ला" म्हणून ओरडतं आणि काम पुढे चालू राहतं. पण इद्रीसनं पाना पडताना पाहिलाच नाही. त्यानं हात पाहिला. साहेबानं पाना त्याच्याकडे करायला हात पुढे केला, आणि मनगटापासून पुढचा पंजा आपोआप खाली लोंबला. दांडीवर ओलं फडकं टाकावं तसा. साहेबही क्षणभर त्या हाताकडे बघत राहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. मग त्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलला, पँटच्या खिशात घातला आणि ऑफिसच्या शेडकडे निघून गेला. इद्रीसनं खाली वाकून पाना उचलला. लोखंड उन्हानं तापलेलं होतं. तरी त्याच्या बोटांना ते गार लागलं, कारण असा लोंबणारा हात त्यानं आयुष्यात आधी एकदा पाहिला होता, आणि तो कशानं लोंबतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तो हात मरियमबीचा होता. खेड तालुक्यातल्या त्यांच्या गावात, नदीच्या वरच्या अंगाला, ही विधवा बाई एकटी राहायची. तिचा एकच टोप होता, तांब्याचा, आणि त्यात ती रोज कोकमाची आमटी करून दोन दोन दिवस पुरवायची. इद्रीसचे बाबा गावोगाव फिरून भांड्यांना कलई करत. जमिनीत खड्डा, त्यात निखारे, भात्याची फसफस, तापून लाल झालेल्या टोपात नवसागराची चिमूट, पांढरा झोंबरा धूर, आणि मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं अशी एक झपकन फिरवणी की काळं भांडं आतून चांदीचं व्हावं. "तांब्यात आंबट ठेवलं की कळकतं," बाबा बायकांना सांगत, "कलई म्हणजे भांड्याचं इमान." लढाईच्या दिवसांत कथील बाजारातून नाहीसं झालं. बाबांनी महिनाभर वाट पाहिली. मग एके दिवशी जुन्या मासेमारीच्या जाळ्यांना लावलेले शिशाचे मणी त्यांनी तोडून आणले आणि उरल्यासुरल्या कथलात वितळवले. इद्रीसनं ते पाहिलं होतं. कलई नेहमीपेक्षाही सुरेख बसली होती. चार-सहा महिन्यांनी मरियमबीचं पोट दुखायला लागलं, तोंड पांढरंफटक पडलं, आणि एक दिवस विहिरीवर तिच्या हातून कळशी सुटली आणि पंजा तसाच लोंबत राहिला. लोक म्हणाले बाहेरचं आहे, करणी आहे, कुणी ताईत बांधला. बाबा काही म्हणाले नाहीत. त्यांनी गुपचूप तिचा टोप मागून आणला, घासून घासून कलई काढली आणि तसाच परत दिला. तोवर उशीर झाला होता. ती पावसाआधी गेली. तिच्या मयतीला बाबांनी खांदा दिला, आणि त्यानंतर आयुष्यभर त्यांनी तिच्या घरावरून जाणारी वाट टाळली.

आता सदुसष्ट साल चालू होतं, एप्रिल महिना होता, आणि इद्रीस शारजात एका इंग्रजी कंत्राटदार कंपनीत चार वर्षं फिटर होता. पाइप, पंप, साहेबलोकांच्या घरची मोरी, सगळं त्याच्याकडे. साहेबलोकांच्या क्वार्टरमधले पाणी तापवायचे जुने बंब काढून नवे बसवायचं काम निघालं ते गेल्या डिसेंबरात. जुने बंब म्हणजे तांब्याची उभी पिंपं, आत विजेची कांडी, आणि इथल्या खाऱ्या पाण्यानं साठलेला चुन्याचा जाड थर. ते भंगारात टाकायचे होते. पण प्रिचर्ड साहेबानं त्यातला एक बाजूला काढला. विलायतेत लोक घरच्या घरी बिअर करतात, त्याला म्हणे आता लायसन लागत नाही. साहेबाच्या भावानं जवाच्या काढ्याचे डबे आणि यीस्टच्या पुड्या पाठवल्या होत्या. "इद्रीस, इसका ऊपर काट दो, नीचे एक नल लगा दो. कांडी चालू है, उसी में उबलेगा, उसी में रखेंगे. क्रिसमस के पहले चाहिए," साहेब म्हणाला होता. रमजान चालू होता. इद्रीसचा रोजा होता. त्यानं बंबाचं डोकं कापलं, आतला चुना छिन्नीनं सोलून काढला, खाली पितळी तोटी बसवली. तेवढ्यावर काम संपलं होतं. साहेबानं कलई मागितलीच नव्हती. ती इद्रीसच्या तोंडून आली, बापाच्या आवाजात आली. "साहेब, तांबे में खट्टा चीज रखने का नहीं. कलई करनी पडेगी. प्योर टिन." साहेबाला ते फार आवडलं. अशी जुनी हुन्नर जाणणारा माणूस आपल्याकडे आहे, असं त्यानं जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना सांगितलं.

प्युअर टिन सबंध शारजात मिळालं नाही. स्टोअरमध्ये पाइपांना डाख द्यायच्या कांड्या होत्या, अर्धं कथील, अर्धं शिसं, कांडीवर तसं लिहिलेलंच होतं. इद्रीस त्या कांड्या हातात घेऊन किती वेळ उभा होता? फार नाही. घसा सुकला होता, रोजा सोडायच्या मगरीबला तासच उरला होता, आणि त्याच्या मनात एक विचार आला. पाना पडल्यापासून दोन दिवस त्याला आठवत होता तो हाच विचार, काम नव्हे, कांड्या नव्हेत, तो विचार: हरामची तर चीज आहे, तिला कसली पाक कलई. आणि असं म्हणताना त्याला जरा बरंही वाटलं होतं, जणू रोज्याच्या तोंडी दारूचा हंडा घडवण्याच्या पापातून त्यानं आपला थोडा हिस्सा कमी करून घेतला. ब्लोलँपच्या निळ्या जाळावर कांड्या तुपासारख्या पसरल्या. शिसं मिसळलं की लवकर वितळतं, चकाकतंही जास्त. साहेबानं आत डोकावून स्वतःचा चेहरा पाहिला आणि शीळ घातली.

नंतरचे महिने त्यानं डोळ्यांनी पाहिले होते, पण मनानं पाहिले नव्हते. दर पंधरवड्याला साहेबाच्या मागच्या व्हरांड्यात जवाचा गोडसर वास सुटायचा. फेब्रुवारीत साहेबाचं पोट दुखायला लागलं. तो चिडका झाला; नकाशे फेकायचा, मग माफी मागायचा. त्याचे गाल आत गेले, रंग मेणासारखा झाला. लोक म्हणाले इथलं पाणी मानवलं नाही. मग बातमी आली, डॉक्टरला पोटात गाठ वाटते आहे, रविवारच्या विमानानं विलायतेला पाठवणार, तिथं पोट उघडून बघणार. हे सगळं इद्रीसनं ऐकलं, चुकचुकला, आणि दुसऱ्या पाइपाचे आटे पाडायला लागला. पाना पडल्यावर त्याला इतकंच वाटलं, की मला सगळं माहीत होतं. पाना पडेपर्यंत मी ते स्वतःला सांगितलं नाही.

पाना पडला बुधवारी. बुधवार-गुरुवार त्याच्या तोंडाला अन्नाची चव नव्हती. राहायला ते पाचजण एका खोलीत होते, रोल्ला मोहल्ल्यातल्या मोठ्या वडापासून दोन गल्ल्या आत, सगळे रत्नागिरी-कुलाब्याकडचे. त्यांत वयानं मोठे यूनुसमामा, खाडीवर धक्क्याचे मुकादम, आणि लियाकत, कापडाच्या दुकानात सेल्समन, जरा कडक, नमाजाचा पक्का. लियाकतनं दोनदा विचारलं, "इद्रीसभाय, तब्येत बरी नाय का?" इद्रीस म्हणाला, ऊन लागलं. काय सांगणार? सांगितलं तर दोन गोष्टी सांगाव्या लागल्या असत्या, आणि दुसरी पहिलीपेक्षा वाईट होती. दारूचा हंडा बनवला. आणि त्यात विष लावलं. साहेबाला सांगायचं तर नोकरी जाणार हे नक्की. कंपनीनं आणलेला माणूस, कंपनीनं सोडला की पहिल्या बोटीनं मुंबई. कदाचित त्याआधी पोलीसही. साहेब मेला तर खून. बायकोचं, शहरबानूचं पत्र उशाखाली होतं, घराच्या पुढच्या पडवीला मंगलोरी कौलं घातली, मुलगी शाळेत कविता म्हणते. आणि न सांगायचं तर? रविवारी विमान. विलायतेतले मोठे डॉक्टर शोधून काढतीलच. पण काढतीलच का? पोट कापतील, गाठ मिळणार नाही, पुन्हा शिवतील, साहेबाला बरं वाटून तो परत येईल, आणि व्हरांड्यात तो चकाकणारा बंब उभाच असेल. आणि दुसरे दोन साहेब, जे दर गुरुवारी तिथं बसायला येतात, तेही पीतच राहतील. गुरुवारी दुपारी त्याच्या मनात आलं की आज रात्री जाऊन बंबच पळवावा, वाळूत पुरावा. बाबांनी टोप मागून आणला होता तसं. आणि तिथंच तो थांबला. बाबांनी अगदी हेच केलं होतं. कलई काढली होती, फक्त सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कुणी हकीम, खेडचा कुणी डॉक्टर, काही उतारा देऊ शकला असता की नाही, देव जाणे. पण बाई तरी आपल्यावर करणी झाली या भीतीत मेली नसती. तिच्या घरापर्यंत किती पावलं होती? सत्तर, ऐंशी. तेवढीच बाबांच्यानं झाली नाहीत. एवढा भला माणूस. इद्रीसला पहिल्यांदाच बापाचा राग आला, आणि राग येताच, का कोण जाणे, छातीवरचा पहिला दगड हलला.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर तो खोलीवर आला नाही. धुतलेल्या कपड्यांनी तसाच साहेबाच्या बंगल्याकडे चालत गेला. वाळू बुटांत जात होती. दार मेमसाहेबांनी उघडलं. उंच, हडकुळी बाई. इद्रीसला आठवत होती ती हसरी, पण आज डोळ्यांखाली काळं होतं आणि मागे हॉलमध्ये उघडी सूटकेस होती. "साहेब सो रहा है, इद्रीस. टुमारो," त्या म्हणाल्या. तो म्हणाला, "मेमसाहेब, कल नहीं." पाठ केलेली इंग्रजी वाक्यं सगळी विसरली. त्यानं हिंदीतच सांगायला सुरुवात केली, मग हातानं, मग मागच्या व्हरांड्याकडे बोट दाखवून. "वो बंब... कलई... टिन नहीं. लेड. हाफ लेड. मैंने किया. साहेब का पेट, साहेब का हात, उससे." आणि त्यानं आपला उजवा पंजा मनगटातून खाली सोडून दाखवला. लोंबता.

मेमसाहेब त्या हाताकडे बघत राहिल्या. इद्रीस वाट बघत होता, त्या ओरडतील, दार आपटतील, कुणाला तरी हाक मारतील. त्या फक्त एक शब्द म्हणाल्या, "लेड?" आणि पुन्हा, अगदी हळू, "लेड?" मग त्यांनी दाराच्या खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली.

डॉक्टर म्हातारा इंग्रज होता, शुक्रवारची दुपारची झोप मोडल्यामुळे केस उभे राहिलेले. त्याची उमेदीची वर्षं कराची-पुण्याला लष्करात गेली होती, त्याला हिंदी चांगली येत होती. लँडरोव्हरमध्ये धुळीनं माखलेला इद्रीस त्याच्यासमोर उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. कांड्या, त्यांच्यावर लिहिलेलं, रमजान, आणि मरियमबीसुद्धा. तिचं नाव आजवर कुणासमोर त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. डॉक्टरनं चष्मा लावला, बॅग उचलली आणि सगळे परत बंगल्यावर आले. साहेब बिछान्यात उठून बसला होता. डॉक्टरनं त्याचा खालचा ओठ अंगठ्यानं खाली ओढला, खिडकीच्या उजेडाकडे तोंड वळवलं. हिरड्यांच्या कडेनं, दातांच्या अगदी मुळाशी, पेन्सिलीनं आखावी तशी निळसर काळी रेघ होती.

"तीन महिने," डॉक्टर स्वतःशीच म्हणाला, "तीन महिने मी या माणसाच्या पोटावर हात ठेवतोय, आणि एकदाही तोंड उघडून बघितलं नाही." हे तो इंग्रजीत म्हणाला, पण इद्रीसला समजलं. मग तो मेमसाहेबांकडे वळला आणि भराभर बोलायला लागला, आणि त्यातलं इद्रीसला फक्त "नो कॅन्सर" एवढंच कळलं, कारण ते डॉक्टरला दोनदा म्हणावं लागलं. मेमसाहेब पलंगाच्या कडेवर बसल्या आणि रडायला लागल्या. मोठ्यानं, लाज न धरता, गावाकडच्या बायका रडतात तशा. इद्रीस दारात उभा होता. त्याला वाटलं आपण निघावं. तेवढ्यात त्या उठल्या, त्याच्यापाशी आल्या आणि त्याचा हात, तेलाचे डाग न निघणारा, दोन्ही हातांत धरून हलवत राहिल्या. "थँक यू," त्या म्हणत होत्या, "थँक यू, थँक यू." इद्रीसला काहीच उमजेना. त्यानं त्यांच्या नवऱ्याला चार महिने विष पाजलं होतं. त्याला ते सांगायचं होतं, पुन्हा नीट सांगायचं होतं, कदाचित त्यांना कळलं नसेल. पण त्यांना कळलं होतं. त्या गेले कित्येक दिवस घरात मरणाबरोबर राहत होत्या. त्याचं नावही त्यांनी घेतलं नव्हतं, सूटकेस भरत होत्या. आणि हा माणूस दारात येऊन सांगतो की ती गाठ नाहीच, हे दुसरंच आहे, याला औषध आहे. जे सांगायला तो दोन दिवस जागच्या जागी मरत होता, ती त्या बाईला आयुष्यातली सगळ्यात चांगली बातमी होती. त्याला हसू आलं. त्यानं ते दाबलं, तर डोळ्यांतून पाणी आलं.

साहेब रडला नाही, हसलाही नाही. तो उशीला टेकून इद्रीसकडे बघत होता. "तुमने बोला था प्योर टिन."

"हां साहेब. झूट बोला था."

"क्यों?"

टिन मिळालं नाही, वेळ नव्हता, रोजा होता; ही सगळी उत्तरं खरी होती. "मैंने सोचा, शराब का बरतन है," तो म्हणाला. "उसमें क्या अच्छा, क्या बुरा."

पंखा करकरत होता. मग साहेब हळूच म्हणाला, "अच्छा किया सच बोला," आणि डोळे मिटून, "सॅटर्डे को काम पे आओ. जनरेटर का पाइप लीक है." तो माफ करतो आहे की फक्त दमला आहे, ते इद्रीसला कळलं नाही. पण "शनिवारी ये" याचा अर्थ त्याला कळला, आणि त्यानं दाराची चौकट धरली. डॉक्टर त्याला बाहेर घेऊन आला. इंजेक्शनं बहारीनहून मागवता येतील, तो म्हणाला, हात परत यायला महिने लागतील, पण येईल, बहुतेक येईल. आणि त्या दुसऱ्या दोघांना आजच तपासायचं आहे, ते कमी पितात, त्यांचं थोडक्यात निभावलं असणार. तपासायला बंबाचा एक तुकडा हवा होता. इद्रीसनं व्हरांड्यात जाऊन छिन्नी-हातोडा घेतला. तळाशी चार बोटं पिवळट बिअर उरली होती, ती त्यानं वाळूत ओतली. वाळूनं ती लगेच पिऊन टाकली. मग त्यानं डॉक्टरपुरता एक चौकोनी तुकडा नीट कापून दिला, आणि उरलेल्या बंबावर हातोडा घालायला लागला. कुणी तसं सांगितलं नव्हतं. तांबं मऊ असतं, प्रत्येक घावाला आत दबत होतं, आवाज साऱ्या क्वार्टरांत घुमत होता, शेजारची पोरं कुंपणाशी येऊन बघत होती. डॉक्टर जरा वेळ उभा राहून बघत होता. "तुम्हारे बाप को किसी ने बताया नहीं होगा," तो एकदम म्हणाला, "सीसा कितना बुरा होता है." "मालूम था," इद्रीस म्हणाला, "उनको मालूम था, डॉक्टरसाब. डर गए थे." आणि हे म्हणताना त्याला राग आलेला नव्हता. भ्यायलेला माणूस कसा दिसतो ते त्यानं दोन दिवस आरशात पाहिलं होतं. घाम डोळ्यांत जात होता. मनातल्या मनात त्यानं मरियमबीसाठी फातेहा म्हटला, आणि लागलीच, त्याच दमात, बापासाठीही.

तो खोलीवर पोचला तेव्हा दिवस कलतानाची असरची अजान होऊन गेली होती. चौघेही घरात होते. शुक्रवारची खास मच्छी, भात, वर लिंबाच्या फोडी. त्याच्यासाठी झाकून ठेवलेलं. लियाकत म्हणाला, "कुठं होतास? आम्ही खाडीपर्यंत शोधून आलो." इद्रीसनं ठरवलं होतं की इथं काही सांगायचं नाही, आता गरजच काय. पण एकदा तोंड उघडल्यावर ते बंद होईना. उंबऱ्यात उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगितलं. लियाकतचा चेहरा आधी गोंधळला, मग तांबडा झाला.

"दारूचा हंडा? रमजानमधे? रोज्याच्या तोंडी?"

"होय."

"अस्तगफिरुल्ला. आणि वर त्यात शिसं?"

"होय."

"हरामाचं काम, तेही लबाडीनं!" लियाकत ओरडला. "नाही म्हणायला काय झालं होतं तुला? आमच्या पंगतीला बसून..."

"लियाकत," यूनुसमामा म्हणाले. ते कोपऱ्यात भिंतीला टेकून पान जुळवत होते. "जरा गप." मग इद्रीसकडे बघून, "हंडा बनवलास ते तुझं नि अल्लाचं. पण पिणारा गुन्हेगार, म्हणून त्याला विष पाजावं, असं कुठं लिहिलंय रे? हे तुझ्या मनात आलंच कसं?"

"आलं, मामा," इद्रीस म्हणाला. "तेच तर सांगतोय. आलं."

चुना लावलेलं बोट यूनुसमामांनी भिंतीला पुसलं. "साहेब जगेल ना?"

"जगेल. डॉक्टर म्हणाला जगेल."

"हात?"

"इन्शाल्ला. महिने लागतील."

"मग आत ये," यूनुसमामा म्हणाले, "दारात काय उभा पाहुण्यासारखा? लियाकत, त्याला वाढ."

लियाकत जागचा हलला नाही. क्षणभर वाटलं आता तो उठून बाहेर निघून जाईल. मग त्यानं नाक ओढलं, थाळीवरचं झाकण काढलं आणि, अजून रागातच, भाताचा एवढा मोठा डोंगर वाढला की मच्छी ठेवायला जागा उरली नाही. "एवढा कोण खाणार?" इद्रीस म्हणाला. "तू," लियाकत खेकसला. "दोन दिवस तोंडात काही घातलं नाहीस. आम्हाला दिसत नाही काय?" इद्रीसनं हात धुतले, मांडी घातली आणि पहिला घास घेतला. भात गार झाला होता, मच्छीला मीठ जरा जास्तच होतं. त्यानं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, लिंबू पिळलं, बोटांवरून मनगटापर्यंत आलेला रस चाटला. कुणीतरी हसलं. डोंगर अर्धा झाला, मग संपला. त्यानं रिकामी थाळी लियाकतपुढे केली.

"अजून आहे?" त्यानं विचारलं.